कुणाचं नाव घेतलंस?

बायकांच्या राखीव जागा नव्यानंच आल्या होत्या, तेव्हा मी पंचायत समितीची सदस्य झाले. झाले म्हणजे मला केलं. आमच्या गणाची, म्हणजे आसपासच्या गावांच्या मतदारसंघाची, जागा बायकांसाठी सुटली. दहावी पास झालेली आणि घरातून हरकत नसलेली सून शोधत माणसं निमगाव सावाला आमच्या दारात आली. माझे यजमान कांदा आणि थोडा ऊस करायचे. ते म्हणाले, "सही करायची, मीटिंगला जायचं, एवढंच तर हाय." मी मान हलवली. पुढची काही वर्षं खरंच तेवढंच होतं. जुन्नरला एसटीनं जायचं, मागच्या खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा, परत यायचं. भाषण करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि येऊ नये एवढीच माझी इच्छा होती.

मग विधानसभेची निवडणूक जवळ आली आणि पक्षाचं तिकीट कुणाला, यावरून तालुका पेटला. पक्ष एकच, इच्छुक दोन. एक अप्पा. ते आमच्या बाजूचे, पूर्वेकडचे मोठे बागायतदार. मला उभं करण्यात त्यांचाच पुढाकार होता. दुसरे नाना, येडगावच्या बाजूचे. येडगाव माझं माहेर. धरणाच्या पाण्यावर नानांची उपसा योजना होती आणि माझा सख्खा भाऊ तिथं पंपावर कामाला होता.

पक्षानं एक निरीक्षक पाठवायचं ठरवलं. ते जुन्नरच्या सरकारी रेस्ट हाउसमध्ये बसणार, आणि तालुक्यातल्या निवडून आलेल्या सगळ्यांना एकेक करून आत बोलावून विचारणार की, तिकीट कुणाला द्यावं. बाहेरच्या मैदानावर दोघांचे मेळावे. ज्याची गर्दी जास्त, त्याचं वजन जास्त. मला ही सगळी माहिती अप्पांच्याच तोंडून कळली. ते आमच्या घरी आले, पाणी प्यायले, आणि माझ्याकडे न बघता यजमानांना म्हणाले, "ताईंना सांगा, आत गेल्यावर एकच नाव. दुसरा काय विषय न्हाई." मग उठता उठता माझ्याकडे बघून हसले. "आमी ताईंना कधी काय मागितलंय का? पहिल्यांदाच मागतोय."

आवाज गोड होता. पण ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं, की बोट पांढरं पडलं होतं.

दोनच दिवसांनी भाऊ आला. तो यायचा तेव्हा दारातूनच भाच्यांना हाका मारायचा. त्या दिवशी गप्प येऊन बसला. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "नानांनी निरोप दिलाय. म्हणाले, लेक आपल्या गावची हाय, नाव आपलंच निघंल."

"आणि न्हाई निघालं तर?" मी विचारलं.

तो म्हणाला, "माझं काम त्यांच्या हातात हाय, अक्का. बाकी तू शाणी हायस."

तो दमदाटी करत नव्हता. तोही घाबरलेला होता आणि मला ते दिसत होतं, म्हणून मी जास्तच घाबरले. रात्री यजमान म्हणाले, "अप्पांचं नाव घ्यायचं. आपल्याला हितं राह्याचंय. पाटाचं पाणी कुणाच्या माणसांच्या हातात हाय, तुला ठावं हाय." माझ्या सासूबाई चुलीपुढं बसून हे सगळं ऐकत होत्या. फार बोलणाऱ्या नव्हत्या त्या. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी येते संगं. एकटी बाईमाणूस कशाला त्या गर्दीत." त्यांना जुन्नरच्या बाजाराशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. पण त्या येणार म्हटल्यावर मला त्या रात्री थोडी झोप लागली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी अप्पांची जीप आली. यजमान गावातल्या पुरुषांबरोबर टेम्पोतून पुढं गेले. जीपमध्ये मी, सासूबाई आणि मागं गावातल्या आणखी काही बायका. थंडीचे दिवस होते, कांद्याची रोपं लावायची कामं सोडून बायका आल्या होत्या. त्यांना ती सहलच वाटत होती. एकजण तर डब्यात चटणी-भाकरी बांधून आली होती.

नारायणगाव सोडून जुन्नरच्या रस्त्याला लागलो, तसे झेंड्यांचे ट्रक दिसायला लागले. झेंडा एकच, टोप्या एकच, घोषणाही त्याच. फरक काय तो शेवटच्या नावाचा. एका वळणावर पोरांनी रस्त्यात मोटारसायकली आडव्या लावल्या होत्या. त्यांनी जीप थांबवली. एकजण ड्रायव्हरच्या खिडकीशी आला. "कुणाची गाडी?"

ड्रायव्हर म्हणाला, "पक्षाची."

"पक्षाची सगळ्यांचीच हाय. कुणाची ते सांग."

ड्रायव्हर समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला. मग त्या पोरांतल्या एकानं आत वाकून पाहिलं आणि मला ओळखलं. तो येडगावचा होता. लहानपणी आमच्या घरासमोरून शाळेत जायचा. तो मला अक्का म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही. नुसतं बघून म्हणाला, "मॅडम, माहेर ध्यानात ठेवा." आणि हातानं जीपच्या टपावर जोरात थाप मारली. जीप पुढं निघाली. सासूबाईंनी आपला पदर माझ्या मांडीवर टाकला आणि त्याच्याखाली माझा हात धरून ठेवला. रेस्ट हाउस येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मैदानाच्या दोन कडांना दोन मांडव होते, मधे रेस्ट हाउसकडे जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावर पोलीस. दोन्हीकडचे भोंगे एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले. इकडून अप्पांच्या नावाचा गजर, तिकडून नानांच्या. दोन्ही आवाज एकात एक मिसळायचे आणि नुसता घुमणारा गोंगाट कानावर यायचा. आमच्या बायकांना मांडवात पुढं बसवलं. सासूबाईही त्यांच्यात बसल्या. मला मात्र स्टेजवर नेलं. मी तिथं एकटीच बाई. अप्पांनी माझी खुर्ची मुद्दाम अगदी पुढं ओढायला लावली, समोरच्या मांडवातून दिसेल अशी.

आणि मला दिसलंच. समोरच्या मांडवाच्या कडेला, बांबूला टेकून, माझा भाऊ उभा होता. त्यानं डोक्यावर टोपी घातली होती. तो माझ्याकडे बघत होता. मी नजर खाली घातली.

थोड्या वेळानं माइकवरून माझं नाव पुकारलं. आमच्या यजमानांनी मला चार ओळी पाठ करून दिल्या होत्या. मी माइकपुढं गेले, तोंड उघडलं, आणि माइकनं अशी शीळ घातली की मी मागं सरकले. माणसं हसली. मी म्हटलं, "आमच्या भागाला पाटाचं पाणी वेळेवर मिळावं. नमस्कार." बाकीच्या ओळी विसरले. तरी टाळ्या वाजल्या. अप्पांनी माझा हात धरून वर केला. सगळ्या तालुक्यादेखत माझा हात वर झाला. समोर मी पाहिलंच नाही.

त्यानंतर लगेच निरोप आला की आता माझी पाळी. एक पोलीस मला रस्त्यातून रेस्ट हाउसकडे घेऊन गेला. दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत होती. कुणी ताई म्हणत होतं, कुणी वहिनी, कुणी भलतंच काही.

आतली खोली मोठी होती. निरीक्षक एका टेबलामागं बसले होते. जाडजूड, मराठवाड्याकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. प्रवासानं पाय सुजले असावेत, कारण चपला काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले होते. टेबलावर पोह्यांची बशी होती, अर्धी खाल्लेली. त्यांनी पाय खाली घेतले आणि मला बसायला सांगितलं.

"घाबरू नका बाई," ते म्हणाले. "इथलं इथंच राहतं. मी कोणाला सांगत नसतो."

मी त्यांच्या मागं पाहिलं. खिडकी बंद होती, पण काचेला माणसांची तोंडं चिकटली होती. अप्पांकडची आणि नानांकडची माणसं एकमेकांना ढकलत आत बघत होती. आवाज ऐकू जात नसेल, पण ओठ तर दिसत होते. अप्पा म्हटलं तर ओठ मिटतात, नाना म्हटलं तर मिटत नाहीत. हे त्या वेळी कसं काय माझ्या डोक्यात आलं कुणास ठाऊक, पण आलं, आणि मग मला दुसरं काही सुचेना.

"बोला," ते म्हणाले. "एकच नाव सांगायचं. आणि मोकळ्या व्हा."

मी अप्पांचं नाव घ्यायचं ठरवून आले होते. घरी तसं ठरलं होतं. पण मघाशी बांबूला टेकलेला भाऊ बघितला होता. मी ओठावरून जीभ फिरवली, तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर मोठा कल्लोळ उठला, खिडकीतली तोंडं एकदम नाहीशी झाली, आणि पहिला दगड काच फोडून आत आला. काचा टेबलावर उडाल्या, पोह्यांच्या बशीत पडल्या. दुसरा दगड माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर बसला.

निरीक्षक एवढ्या जड अंगाचे, पण चटकन उठले, दाराला कडी घातली आणि टेबलाच्या मागं खाली बसले. "खाली बसा, बाई, खाली बसा." मी कपाटाच्या आडोशाला बसले. बाहेर भोंगे बंद पडले होते. आता नुसती माणसांची ओरड आणि पत्र्यावर दगड पडल्याचे आवाज येत होते. निरीक्षकांनी मला विचारलं, "मागून रस्ता आहे का हो इथं?" मला काय माहीत. मीही पहिल्यांदाच आले होते. एवढा मोठा माणूस मला वाट विचारतोय, हे बघून माझा उरलासुरला धीर गेला.

मग बाहेरून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, लांबलचक, करकरत, आणि पाठोपाठ बायकांच्या किंकाळ्या. मला सासूबाई आठवल्या. मी उठले.

"कुठं निघालात? दार उघडू नका."

"माझी सासू हाय भाईर," मी म्हटलं.

"पोलीस आहेत ना. बसा."

मी कडी काढली. माझ्यात एवढं धाडस कुठून आलं, असं पुढं कितीतरी जणांनी विचारलं. धाडस नव्हतं ते. त्या खोलीत मी आणखी एक क्षण बसू शकत नव्हते, आणि सासूबाई बाहेर होत्या, एवढंच होतं. मी व्हरांड्यात आले आणि माझ्या मागं त्यांनी पुन्हा कडी घातल्याचा आवाज ऐकला.

मैदानावर चपलाच चपला पडल्या होत्या. पोलीस लाठ्या घेऊन पळत होते आणि त्यांच्यापुढं दोन्हीकडची माणसं. टोपी सगळ्यांची सारखीच असल्यामुळं कोण कुणाचं, ते पोलिसांनाही कळत नव्हतं आणि मारणाऱ्यांनाही. आमचा मांडव एका बाजूनं खाली बसला होता. त्या कापडाखाली बायका होत्या. कापड जिथं तिथं हलत होतं. मी सासूबाईंना हाका मारत तिकडं धावले. एक दगड माझ्या पायाजवळ पडला, मी थांबले नाही.

कुणीतरी एक मोठा बांबू खांद्यावर उचलून धरला होता आणि त्याच्याखालून बायका रांगत बाहेर येत होत्या. तो माझा भाऊ होता. नानांच्या मांडवातून तो इकडं कधी आला, कसा आला, मला माहीत नाही. त्याची टोपी कुठं तरी पडली होती आणि गळ्याची शीर ताठली होती.

"तुझ्या सासूबाई आत हायत," तो म्हणाला. "मी त्यांना बघितलं होतं बसलेलं. तू आत शिर, मी धरतो."

मी कापडाखाली शिरले. आत पिवळा उजेड होता, धूळ होती. सासूबाई एका आडव्या बांबूजवळ बसलेल्या होत्या, डावा हात मांडीवर ठेवून. तो हात कोपराच्या खाली वेगळ्याच दिशेला वळला होता. त्या रडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "तुला लागलं का गं?"

मी त्यांना ओढत बाहेर आणलं. भावानं बांबू सोडला आणि त्यांना पाठीवर घेतलं. सरकारी दवाखान्यापर्यंत तो तसाच चालत गेला. मी त्यांचा हात खालून धरून बरोबर पळत होते. रस्त्यात कुणी आम्हाला विचारलं नाही की तुम्ही कुणाकडचे.

तासाभरानं यजमान दवाखान्यात आले. शर्ट फाटला होता, बाकी काही नव्हतं. आईजवळ बसले, डॉक्टरांशी बोलले. माझ्या भावाला म्हणाले, "पावणं, तुमी नसता तर अवघड व्हतं." मग सासूबाईंना हाडं बसवायला आत नेलं. आम्ही तिघं बाकावर बसलो, मी मधे. यजमानांनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "आत कुणाचं नाव घेतलंस?"

दुसऱ्या बाजूला बसलेला भाऊही मान वळवून माझ्याकडे बघायला लागला.

"कुणाचंच न्हाई," मी म्हटलं. "बोलायच्या आधीच दगड आला."

यजमान नुसते बघत राहिले. भावानं मान फिरवली. दोघांनाही ते पटलं नाही, हे मला त्या बाकावरच कळलं, आणि खरी भीती तिथून सुरू झाली.

कारण मग सगळेच विचारायला लागले. अप्पांच्या माणसांना खात्री होती की मी माहेरचं नाव घेतलं. नानांच्या माणसांना खात्री होती की स्टेजवर हात वर करणारी बाई आत दुसरं काय बोलणार. खिडकीत उभ्या असलेल्या कुणीतरी सांगितलं, मी तोंड उघडलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं. तोंड उघडलेलं खरंच होतं. आमच्या रानाला पाटाचं पाणी यायची पाळी आली आणि पाणी आलंच नाही. विचारलं तर वर दुरुस्ती चालू आहे म्हणून सांगितलं. शेजारच्या रानाला मात्र मिळालं. कांद्याची रोपं पिवळी पडली. तिकडं येडगावला भावाला सांगितलं, उद्यापासून पंपावर येऊ नको.

दुपारी एक मोटारसायकल आमच्या घरासमोर यायची. दोघं असायचे. थांबायचे, इंजिन चालू ठेवायचे, घराकडे बघायचे, निघून जायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. कुणाकडचे होते ते आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. मोटारसायकलचा आवाज लांबून आला तरी मी पोरांना आत घ्यायची आणि दार लावायची. रस्त्यानं जाणारी दुसरीच कुठली तरी गाडी असायची. तरी मी बराच वेळ दाराची कडी काढायची नाही.

शेवटी यजमानच म्हणाले, थोडे दिवस बाहेर जाऊन राहा. माझी थोरली बहीण आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरला दिलेली. तालुका वेगळा, मतदारसंघ वेगळा. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. मी पोरांना आणि प्लास्टर घातलेल्या सासूबाईंना घेऊन तिच्याकडे गेले. सुनेच्या बहिणीच्या घरी जाऊन राहायचं, हे सासूबाईंना अवघड वाटलं असणार. पण त्या ओसरीवर बसून एका हातानं शेंगा फोडायच्या.

एकदा आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "खरंच नाव घेतलं नव्हतंस?"

"न्हाई, आत्या. खरंच दगड आला."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि शेंगा पुढं ओढल्या. तेवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला, तो कायमचाच. माझ्यावर विश्वास ठेवणारं ते एकच माणूस निघालं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तिकीट जाहीर झालं, ते ना अप्पांना, ना नानांना. वरून तिसरंच नाव आलं. त्या दिवशी मैदानावर त्या माणसाचा एक झेंडाही नव्हता. यजमान निरगुडसरला आम्हाला न्यायला आले तेव्हा त्यांनी ही बातमी सांगितली. आम्ही कुणी हसलो नाही. मी विचारलं, "मग आता पाणी सोडतील का?" ते म्हणाले, "सोडलं काल."

प्रचाराची सभा नारायणगावात झाली. सदस्य म्हणून मलाही जावं लागलं. न जाण्याची भीती जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. स्टेजवर अप्पा आणि नाना एकाच सोफ्यावर बसले होते. दोघांच्या गळ्यात सारखे हार. नाना अप्पांच्या कानात काही सांगत होते आणि अप्पा मान हलवत होते. मी नमस्कार करायला गेले तर अप्पा म्हणाले, "ताई, आता तरी सांगा. आता काय राह्यलंय? आत कुणाचं घेतलं?"

मी म्हटलं, "तोंड उघडलं आणि दगड आला, अप्पा. कुणाचंच घेतलं न्हाई."

दोघंही हसले. नाना अप्पांना म्हणाले, "लई हुशार बाई हाय राव. आपल्या येडगावचीच ना." आणि दोघं पुढच्या माणसाकडं वळले. ज्यांच्यासाठी सासूबाईंचा हात मोडला, भावाचं काम गेलं, आमची रोपं वाळली, त्यांच्या लेखी ती एक मजेची गोष्ट झाली होती. मला राग यायला हवा होता. पण मी सभा संपेपर्यंत मांडवाच्या बांबूंकडे बघत बसले, आणि कुठून बाहेर पडायचं ते मनातल्या मनात ठरवत राहिले.

भावाला पंपावर परत घेतलं नाही. त्यानं काही महिने वाट पाहिली, मग भोसरीला एका कंपनीत लागला, आणि बायकापोरांसकट तिकडचाच झाला. दिवाळीला आला की चेष्टेत म्हणतो, आता तरी सांग अक्का. चेष्टेतच म्हणतो, पण माझ्या तोंडाकडे नीट बघतो. सासूबाईंचा हात वाकडाच बसला. त्या हातानं त्यांना भाकरी थापता यायची नाही, म्हणून उजव्या हातानंच थापायला शिकल्या. त्यांची भाकरी पुढं कायम एका कडेला जाड व्हायची.

माझी मुदत संपली तेव्हा आमच्या गणाची जागा राखीव राहिली नाही. माझं नाव कुणी सुचवलंही नाही. यजमानांना थोडं वाईट वाटलं. मी मात्र त्या संध्याकाळी पोरांसाठी पुरण घातलं. कशाचं, म्हणून कुणी विचारलं असतं, तर सांगायला सण नव्हता कुठलाच.